इस्त्रीची गुंडाळलेली वायर

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या गृहस्थाला सगळी इमारत हाडवैद्य म्हणायची, आणि ते कानावर पडलं की त्याच्या कपाळावर आठ्या चढायच्या. कारण त्याच्याकडे फिजिओथेरपीची रीतसर पदवी होती. ती त्यानं चौकटीत घालून अशा जागी टांगली होती की पेशंट पालथा पडला तरी मान जराशी वळवल्यावर दिसावी. पण लोकांच्या जिभेवर एकदा नाव बसलं की ते उठवायला कुठलाच व्यायाम नाही. खुद्द बायकोसुद्धा रागात असली की स्वयंपाकघरातून हाक मारायची, "अहो हाडवैद्य, गिळायला चला."

आधी तो हॉस्पिटलात नोकरीला होता. दिवसभर लोकांचे खांदे फिरवायचा, पण स्वतःचे दिवस काही फिरेनात. शेवटी राजीनामा देऊन त्यानं घरातच दुकान मांडलं. जागा कुठली, तर हॉल. सोफा भिंतीला सरकला आणि मधोमध पेशंटची खाट आली. टीव्ही मात्र होता तिथेच राहिला, त्यामुळे गुडघेदुखीच्या बायका मालिकेची वेळ बघूनच यायला लागल्या. बायको शाळेच्या ऑफिसात कामाला. संध्याकाळी दमून यायची, दार उघडायची, तर समोर कुणातरी परक्या माणसाचे तळवे. चपला काढता काढता ती त्या तळव्यांनाच विचारायची, "बरं आहे ना आता?" आणि उत्तराची वाट न बघता आत जायची. मुलगी शिकायला बाहेरगावी होती, तिची अभ्यासाची खोली आता पेशंटच्या चपलांची आणि छत्र्यांची झाली होती.

हॉलच्या एका भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या. ज्याचा खांदा आखडलाय त्याला हाडवैद्य भिंतीसमोर उभं करायचा आणि बोटांनी मुंगीसारखं वर चढायला लावायचा. बोटं जिथवर पोचतील तिथे एक रेघ, शेजारी नावाचं पहिलं अक्षर. पुढच्या खेपेला रेघ बोटभर वर गेली की पेशंटच्या चेहऱ्यावर असं तेज यायचं, जसं काही डोंगरच सर केला. सगळ्यात वरची रेघ मास्तरांची होती. मास्तर म्हणजे पलीकडच्या गल्लीतले, चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. खांदा बरा होऊन वर्ष झालं तरी ते यायचेच, कारण घरी बोलायला कुणी नव्हतं आणि इथे आई होती.

आई पंच्याहत्तरीच्या पुढची. मुलाच्या धंद्यात तिचा वाटा इस्त्रीचा. पेशंटच्या चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल, सगळं तिच्या हाताखालून जायचं. टॉवेलला कुणी इस्त्री करतं का, असं सुनेनं एकदा विचारून बघितलं होतं, आणि आईनं तिच्याकडे असं बघितलं की पुन्हा विचारलं नाही. हॉलच्या कोपऱ्यात खिडकीपाशी तिचं उभं टेबल होतं. काम संपलं की ती आधी बटण बंद करायची, मग प्लग उपसून काढायची, मग इस्त्री गार होईपर्यंत शेजारी स्टुलावर बसून राहायची. अगदी गार झाली, ओल्या बोटानं चाचपून झाली, की वायर मुठीभोवती तीन वेढ्यांत घट्ट गुंडाळायची, टोक आत खोचायची आणि फळीवर उभी करून म्हणायची, "निजा आता." सून हसायची. म्हणायची, "पोराला निजवलं नसेल इतक्या लाडानं हिला निजवता." आई म्हणायची, "पोरगा कुठे एवढा शहाणा होता."

त्याच कोपऱ्यात, त्याच बोर्डाला जोडलेली, शेकाची पेटी होती. स्टीलची, गरम पाण्यानं भरलेली. आत माती भरलेल्या जाड कापडी पिशव्या तापत पडायच्या आणि दुखऱ्या कमरेवर, मानेवर ठेवल्या की माणूस डोळे मिटून आई गं म्हणायचा. पेटी हॉस्पिटलनं मोडीत काढलेली, हाडवैद्यानं हौसेनं उचलून आणलेली. तिची मागणी एकच होती, पाणी कमी पडू द्यायचं नाही.

आता विम्याचं. घरातल्या सामानाचा विमा होता. सोफा, टीव्ही, कपाटं, भांडीकुंडी, सगळ्याचा. बायकोच्या मावसभावानं, म्हणजे हाडवैद्याच्या मेहुण्यानं, हॉस्पिटलच्या नोकरीच्या काळात तो त्याच्या गळ्यात मारला होता. त्यात स्पष्ट होतं की घर राहण्यासाठीच आहे, धंदा सुरू केला, गिऱ्हाईक घरी येऊ लागलं, तर कळवायचं. दरवर्षी मेहुणा इमानानं फोन करून विचारायचाही. यंदा त्याचा फोन आला तेव्हा हाडवैद्याच्या दोन्ही हातांत एका बाईंचा पाय होता, आणि फोन कान आणि खांद्याच्या बेचक्यात चेपलेला. म्हणजे जे करू नका म्हणून तो दिवसभर लोकांवर डाफरायचा, नेमकं तेच.

"दाजी, घरात काही बदल?"

"काही नाही रे. जैसे थे."

पाय हातात, खाट हॉलमध्ये, दाराशी दोन बायका ताटकळत, आणि जैसे थे. त्याला खोटं बोलायचं होतं असं नाही. त्याला मेहुण्याला कटवायचं होतं.

मग ती दुपार आली. आईनं टॉवेलांचा ढीग इस्त्री करून टेबलावर रचला आणि आतल्या खोलीत जाऊन लवंडली. मास्तर यायचे होते आणि मास्तरांना टॉवेल उबदार लागायचा. म्हणून हाडवैद्यानं तो ढीग उचलून पेटीच्या झाकणावर ठेवला. ठेवताना पाण्याचा आवाज त्याच्या कानावर आला. पाणी कमी झालं की पेटी वेगळी बोलायची, घशात खरखर असल्यासारखी. आलो की भरतो, असं मनात म्हणून तो एका पेशंट बाईंना रिक्षात बसवायला खाली गेला. रिक्षा गेली, आणि फाटकाशी गल्लीतला किराणा दुकानदार भेटला. दुकानदाराच्या सासऱ्याचा गुडघा बदलायचा होता. गुडघा बदलावा की न बदलावा यावर हाडवैद्य बोलायला लागला की समोरच्यालाच आपले गुडघे दुखायला लागायचे. तो पाठमोरा उभा राहून हातवारे करत होता, आणि त्याच्या पाठीमागे त्याच्याच खिडकीतून धूर निघत होता. सगळ्या गल्लीला दिसला, शेवटी त्याला दिसला.

आईला शेजाऱ्यांनी बाहेर काढलं. थोडी खोकत होती, बाकी धडधाकट. बादल्या झाल्या, अंगणातला पाइप वर आला, आग विझली. आतली खोली आणि स्वयंपाकघर वाचलं. हॉल मात्र काळा ठिक्कर. सोफ्याचा सांगाडा, टीव्हीचा वितळून लोंबणारा जबडा, जळलेल्या रेक्झीनचा घशात बसणारा वास. हाडवैद्य सगळ्यात आधी कोपऱ्यात गेला. पेटीचा तळ कोरडा होता, आतली कॉइल उघडी पडून वाकडी झाली होती, आणि झाकणावर टॉवेलांच्या जागी राखेच्या पदरांची एक चळत, अजूनही नीट घडीची. मग त्यानं फळीकडे बघितलं. इस्त्री फळीवर उभी होती. काजळीनं माखलेली, मुठीचं प्लास्टिक फुगलेलं, आणि वायर तीन वेढ्यांत गुंडाळलेली, टोक आत खोचलेलं.

त्यानं मग जिन्यात जाऊन मेहुण्याला फोन लावला. मेहुण्यानं सगळं ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणून सांगितलं की घरात धंदा चालतो हे कळवलेलं नाही, वर आग धंद्याच्या मशीनमुळे, म्हणजे सोफ्याच्या स्प्रिंगचासुद्धा मोबदला मिळायचा नाही. "दाजी, मी काही ऐकलेलं नाही," असं म्हणून त्यानं फोन ठेवला. एरवी हाच मेहुणा लग्नाच्या पंगतीत, उगाच कुणी न विचारता, तासभर बोलायचा.

आई शेजारणीकडे खुर्चीवर बसली होती. हातात पाण्याचा पेला, पाणी तसंच. मुलगा दारात दिसला तशी ती उठली.

"अरे, इस्त्री तर नव्हती ना राहिली माझी?"

तिला खरंच वाटत होतं असं नाही. ती घाबरली होती, आणि घाबरलेलं माणूस आधी स्वतःलाच चाचपतं. "नाही गं" एवढंच म्हणायचं होतं, तेही पुरलं असतं. शेजारीण ऐकत होती, मेहुण्याचे शब्द कानात ताजे होते, आणि हाडवैद्याच्या तोंडून निघालं, "असेल."

आई खाली बसली. पेल्यातलं पाणी तिच्या लुगड्यावर सांडलं, तिला कळलं नाही.

पुढचं सगळं त्या एका शब्दाला टेकू देण्यात गेलं. आग इस्त्रीमुळे लागली असं लिहून विम्याची मागणी गेली. खाट अर्धीमुर्धी जळली होती, ती भंगारात गेली. पेटी मास्तरांच्या गॅलरीत रवाना झाली. मास्तरांनी काही न विचारता जागा दिली, वर फाटकी सतरंजी टाकून दिली. पेशंटना कळवलं की विमावाल्यांची पाहणी होईपर्यंत फिरकू नका. पदवीची चौकट काच तडकून खाली पडली होती, ती कपाटामागे गेली. राहिली इस्त्री. बायको खाली गेली होती तेव्हा त्यानं ती फळीवरून उतरवली आणि वायर सोडवायला घेतली. वायर उष्णतेनं मुठीला चिकटली होती. ती ओढून, सुरीनं खरवडून काढावी लागली. सुटलेली वायर त्यानं लांब पसरली, बोर्डाच्या जळक्या तुकड्यापर्यंत नेली आणि इस्त्री जळक्या टेबलावर आडवी ठेवली. माणसाला स्वतःच्या निजलेल्या आईला उठवताना जेवढं वाईट वाटेल, तेवढं त्याला तेव्हा वाटलं. पण त्यानं केलं.

बायकोला पेशंट लपवायचे हे ठाऊक होतं, त्यात ती सामील होती. इस्त्रीचं मात्र तिला ठाऊक नव्हतं. तीही मान हलवून म्हणाली की वय झालं, होतं असं, कुणी त्यांना बोलू नका. ती इतक्या मायेनं म्हणाली की हाडवैद्याला तिच्याकडे बघवेना.

पाहणीला आलेला साहेब शांत, बारीक, आणि मान धरलेला. कुणी बोललं की मान न वळवता कमरेपासून अख्खा फिरायचा. हाडवैद्यानं दारातच ओळखलं, डाव्या बाजूचा स्नायू, नक्की उंच उशी आणि फोन खांद्यात. त्याची बोटं नुसती शिवशिवत होती. एक मिनिट स्टुलावर बसा म्हणालो तर मान मोकळी होईल, असं मन सांगत होतं, आणि मान मोकळी झाली की बिंग फुटेल, हेही तेच मन सांगत होतं. त्यानं हात खिशात घातले.

साहेब भिंतीपाशी थांबला. आग त्या बाजूला पोचली नव्हती. काजळीखालून रेघा दिसत होत्या.

"हे काय?"

"मुलीची उंची," हाडवैद्य म्हणाला. "लहानपणापासून मोजायचो."

साहेब खालपासून वर बघत गेला. सगळ्यात वरची रेघ बघायला त्याला पाठ मागे वाकवावी लागली, कारण मास्तर उंच होते आणि ती रेघ त्यांनी हात ताणून मिळवली होती. "मुलगी चांगलीच वाढलीय," तो म्हणाला.

"तिच्या बापाकडून आलंय," बायको म्हणाली. बाप तिच्या खांद्याला लागत होता.

साहेबानं काही लिहिलं नाही. एवढ्यात आई आतून आली. तिला आतच बसायला सांगितलं होतं. धुतलेलं लुगडं, केस नीट बांधलेले, हात जोडलेले, जशी काही शाळेत तक्रार झाल्यावर हेडमास्तरांपुढे उभी राहावी.

"साहेब, चूक माझी आहे," ती म्हणाली. "यांना दोष देऊ नका. मी इस्त्री तशीच ठेवून निजले. प्लग काढल्याचं मला आठवतं, पण ते रोजचं आठवत असेल. त्या दिवसाचं वाटलं, असेल आदल्या दिवसाचं."

साहेबानं विचारलं, "आजी, नक्की?"

तिनं मुलाकडे बघितलं. तो खिशातल्या हातांकडे बघत होता.

"नक्की," ती म्हणाली.

साहेब गेला, आणि मेहुण्याचा निरोप आला की काम बहुतेक होईल. बायकोनं सोफ्याचे नमुने बघायला सुरुवात केली. हाडवैद्य शेजारच्या दवाखान्यात तासापुरती जागा मागून दोनचार पेशंट बघायला लागला. वरवर पाहता गाडी रुळावर.

पण घरात दुसरंच सुरू झालं होतं. आईनं इस्त्री सोडली, ते सगळ्यांना साहजिक वाटलं. मग तिनं गॅस सोडला. सकाळचा चहा ती पहाटेच करायची, आता सून उठेपर्यंत ओट्यापाशी नुसती उभी राहायची. मग गोळ्या. घेतली का गं मी, असं विचारून पुन्हा पाकिटावरचे रिकामे डोळे मोजायची. मग खाली फिरायला जाणं बंद झालं, कारण दार ओढलं की नाही याची खात्री वाटायची नाही. एक दिवस मुलीचा फोन आला, तर आईनं नातीला विचारलं की तुझं आणि माझं काल काय बोलणं झालं ते सांग, मी बरोबर सांगते का बघ. नात हसली. हाडवैद्य तिथेच बसला होता. त्याला हसू आलं नाही.

तिचे हात सगळ्यात वाईट. आयुष्यभर ज्या हातांना घडी घातल्याशिवाय चैन नव्हतं, ते मांडीवर एकावर एक ठेवलेले असायचे, दुसऱ्याचे असल्यासारखे. हाडवैद्याला हातांचं कळायचं. वापर थांबला की हात किती लवकर आखडतो, हे तो जगाला सांगत फिरायचा.

मास्तर भेटायला आले तेव्हा ती म्हणाली, "मास्तर, मी घर जाळलं हो." मास्तरांनी चहा संपवला, उठले, आणि हाडवैद्याला जिन्यापर्यंत सोबत यायला लावलं.

"तुझी पेटी माझ्याकडे आहे," ते म्हणाले. "मला शेक बिक काही लागत नाही. पण रोज सकाळी झाडांना पाणी घालताना तिचा तळ दिसतो. चित्रकला शिकवलीय मी, काय कुठून जळलं ते कळतं." मग बराच वेळ चपलेत पाय घालत राहिले. "तुझ्या आईशी बोलायला यायचो मी. आता ती बोलतच नाही, नुसती विचारते."

दुसऱ्या दिवशी बायको कामावर गेल्यावर हाडवैद्य आईसमोर बसला आणि सगळं सांगितलं. पेटी, पाणी, टॉवेल, फाटकाशी मारलेल्या गप्पा, फळीवरची इस्त्री, वायरचे तीन वेढे, सुरी. काही ठेवलं नाही.

आईनं ऐकून घेतलं. मग त्याच्या हातावर थोपटलं.

"किती रे समजूत काढशील," ती म्हणाली. "तुझ्या वडिलांचंही असंच. माझ्या हातून भाजी करपली की म्हणायचे, मीच बोलण्यात गुंतवलं."

त्यानं पुन्हा सांगितलं. तिनं पुन्हा थोपटलं. त्यानं मास्तरांकडून पेटी आणून दाखवतो म्हटलं, तर ती म्हणाली की आगीत सगळंच जळतं, पेटीही जळणारच. आणि इस्त्रीची वायर तर सुटलेलीच होती, साहेबानं तिच्यासमोर फोटो काढला होता. आता वायर सुटलेली का होती हे दाखवायचं कसं? जो पुरावा होता तो त्यानंच सुरीनं खरवडून काढला होता. एका शब्दानं घातलेलं खोटं तिच्या मनात असं रुतलं होतं, की खरं सांगायला गेलं तर ते माया वाटत होतं.

संध्याकाळी त्यानं बायकोला सांगितलं. ती ओरडली नाही. सोफ्याचे नमुने पिशवीत भरले, पिशवीची गाठ मारली, आणि म्हणाली, "इतके दिवस मी त्यांच्या मागून जाऊन गॅस बघत होते. त्यांना दिसायचं मी बघतेय ते. आणि तुम्ही मला बघू दिलंत?" त्या रात्री तिनं त्याला हाडवैद्यही म्हटलं नाही, काहीच म्हटलं नाही.

मग त्याला एकच वाट दिसली. आईला म्हणाला, विम्याच्या ऑफिसात तुझी सही लागेल. हेही खोटंच, पण आता एवढ्यानं काय बिघडणार होतं. ती पर्स छातीशी धरून आली. रिक्षात दोनदा विचारलं की दार ओढलंय ना.

साहेबाची खोली लहान होती, कपाटात फायली आणि फायलींवर कुणाचा तरी डबा. साहेब कमरेपासून फिरला. हाडवैद्यानं बसायच्या आधीच बोलायला सुरुवात केली, कारण बसलो तर धीर सुटेल अशी भीती होती. घरात पेशंट यायचे, कळवलं नव्हतं, आग शेकाच्या पेटीची, इस्त्री बंद होती, वायर गुंडाळलेली होती, ती मी सोडवली.

"मुलीची उंची?" साहेबानं विचारलं.

"पेशंटचे खांदे."

साहेबानं पेन खाली ठेवलं. "हे सांगून काय होणार, तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय. मागणी मागे घेतो. लिहून देतो."

आई आतापर्यंत पर्सच्या बंदाशी चाळा करत होती. ती थांबली. "साहेब, मग याला काही मिळणार नाही?"

"काही नाही, आजी. विमाही बंद होईल."

"सोफासुद्धा नाही?"

"काहीच नाही."

हाडवैद्य लिहीत होता. आई त्याच्या हाताकडे बघत राहिली, तो सही करेपर्यंत. निघताना त्यानं दारातून वळून साहेबाला सांगितलं की उशी पातळ घ्या आणि फोन खांद्यात धरू नका. साहेब म्हणाला, "हे मी कुठे लिहून घेत नाही," पण उशी किती पातळ, ते विचारून घेतलं.

जिन्याच्या मधल्या वळणावर आई थांबली. कठडा धरला.

"म्हणजे मी प्लग काढला होता."

"हो."

"आणि वायरही गुंडाळली होती."

"तीन वेढे. टोक आत."

"माझी समजूत काढायला तू गोड बोलशील," ती म्हणाली. "सोफा सोडायचा नाहीस. तू लहानपणी खोडरबर सोडायचा नाहीस कुणाला." मग तिचे डोळे भरले, आणि ते दुःखानं भरले नव्हते. "गाढवा, मला वेड लागायची वेळ आली होती रे. पाकिटातल्या गोळ्या मोजत बसायचे मी."

त्यानं हात पुढे केला. ती कठडा धरूनच उतरली.

तिनं त्याला लगेच माफ केलं असेल असं कुणी समजू नये. पुढे बरेच दिवस ती त्याच्याशी सुनेमार्फतच बोलायची. "त्याला सांग, पेशंट आलाय." तो समोर बसलेला असायचा, तरी. सून मजा घेत निरोप पोचवायची, "अहो हाडवैद्य, तुमचा पेशंट आलाय असं कळतं." हाक परत सुरू झाली यावरून त्यानं ओळखलं की निदान एका आघाडीवर तह झाला.

हॉल हळूहळू उभा राहिला. सोफा आला नाही, पेशंट आता मास्तरांनी दिलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसतात, आणि बायको त्या खुर्च्यांना वेटिंग रूम म्हणते. मेहुण्यानं धंद्यासकट नवा विमा केला. त्यात खाट, नवी पेटी, खुर्च्या सगळं सांगितलेलं, आणि फोन आला तेव्हा हाडवैद्यानं पेशंटचा पाय खाली ठेवून, फोन हातात धरून उत्तरं दिली. मेहुणा खूश, कारण हा विमा महागाचा. रेघांची भिंत रंगवताना बायकोनं तेवढी पट्टी सोडायला लावली. म्हणाली, मुलीची उंची आहे, पुसू नका.

आणि एक दिवस खिडकीपाशी नवं टेबल आलं, वर नवी इस्त्री. आईनं दोन दिवस त्याच्याकडे बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी एक टॉवेल घेतला, मग दुसरा. गॅसही हातात घेतला, चहाही. खाली फिरायलाही जायला लागली.

फक्त एक राहून गेलं. इस्त्री संपली की ती बटण बंद करते, प्लग काढते, गार होईपर्यंत स्टुलावर बसते, वायर गुंडाळते, टोक आत खोचते. आणि मग "निजा आता" म्हणायच्या आधी हाक मारते, "ये रे, बघून जा." सुनेला नाही, मास्तरांना नाही, त्यालाच. तेवढ्या वेळात त्याच्या हातात कुणाचा तरी दंड असतो, हवेत उचललेला. तो पेशंटला म्हणतो, तसाच धरून ठेवा, आलो. जाऊन फळीसमोर उभा राहतो, वेढे बघतो, खोचलेल्या टोकाला बोट लावतो.

"काढलाय," तो म्हणतो.

"नक्की?" ती विचारते.

"नक्की."

मग ती इस्त्रीला निजवते. तो परत येतो तोवर पेशंटचा हात दुखून खाली आलेला असतो, आणि आकडे मोजायला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.